तळाच्या चौसष्ट ओळी

सोमवार, ३

सेक्रेटरीसाहेबांचं पत्र आलं. एकोणीस तारखेला विश्वस्तांची बैठक. आमची कार्यशाळा चालू ठेवायची, की बंद करून कृत्रिम पाय बाहेरून बनवून घ्यायचे, याचा निकाल त्याच दिवशी. बावीस वर्षं मी इथे कारकून आहे. आम्ही अकरा माणसं मिळून लोकांना पायांवर उभं करतो (म्हणजे बाकीचे दहा करतात, मी नोंदी ठेवतो), आणि आमचा निकाल लागणार चौसष्ट स्लाइड्सवर!

पत्रात सगळ्यात ठळक काय? तर फूटर. ‘प्रत्येक स्लाइडच्या तळाशी संस्थेचं नाव, बैठकीची तारीख आणि स्लाइडचा क्रमांक एकाच जागी, एकाच आकारात असावा.’ हा टोमणा आहे आणि तो आम्हालाच आहे. गेल्या वर्षी आमच्या प्रमुख मॅडम बोलत होत्या तेव्हा तळाशी तीन वेगवेगळ्या तारखा झळकत होत्या आणि बाविसाव्या स्लाइडनंतर एकदम नववी आली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. मी ते विसरलेलो नाही.

मॅडमनी पेन ड्राइव्ह दिला. “पट्टी, तू बघ. तुझ्यावर सोडलंय.” मला इथे सगळे पट्टी म्हणतात. उस्ताद, म्हणजे आमचे पाय घडवणारे मुख्य कारागीर, फूटपट्टी म्हणतात. म्हणोत बापडे.

तासाभराने मॅडम पुन्हा टेबलाशी आल्या. हातात दुसरा पेन ड्राइव्ह. “पट्टी, हे तू बघ. तुझ्यावर सोडलंय.” तो उघडला तर रिकामा. आधीच डोक्याला ताप, त्यात ही भर.

मंगळवार, ४

हे सादरीकरण नाही, गोधडी आहे. नऊ वर्षांत मॅडमनी जिथून मिळेल तिथून स्लाइड्स उचलून चिकटवल्यात. कुठे फूटर डावीकडे, कुठे मधोमध, कुठे चित्राच्या अंगावर चढलेलं. मी इन्सर्टमध्ये जाऊन फूटरचा चौकोन उघडला, संस्थेचं नाव लिहिलं, खूण केली. चाळीस स्लाइड्सवर उमटलं, चोविसांवर नाही. का नाही? मी काय घोडं मारलंय त्यांचं? संध्याकाळपर्यंत एक-एक स्लाइड उघडत बसलो. मान धरली.

घरी ताईने विचारलं, “आज काय केलंस?” म्हटलं, “खालच्या ओळी सरळ केल्या.” म्हणाली, “एवढंच?” माझी ही थोरली बहीण चाळीस वर्षं परिचारिका होती. तिला माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय काम वाटतच नाही.

गुरुवार, ६

किल्ली सापडली. स्लाइड मास्टर नावाची एक मूळ पाटी असते, तिच्यात फूटरची जागा नसेल तर खालच्या स्लाइड्सना कितीही सांगा, त्या ढिम्म. आणि मॅडमच्या फायलीत अशा मूळ पाट्या होत्या सात! सातही घरच्यांशी भांडून आलेल्या. सहा उडवल्या, एक ठेवली, सगळ्यांना तिच्या आश्रयाला आणलं. फार बरं वाटलं.

मॅडमनी आज तीनदा विचारलं, “बैठक कधी आहे?” तिसऱ्या वेळी मी जरा तुटकपणे सांगितलं, “एकोणीस. सकाळीही एकोणीसच होती.” त्या “हो, हो” म्हणून गेल्या. मला वाटतं त्या माझी परीक्षा घेताहेत, मी तारखा नीट टाकतोय की नाही ते.

शुक्रवार, ७

आज साफसफाई. एकतीस स्लाइड्सच्या तळाशी काहीबाही खरडलेलं होतं. बारीक, राखाडी अक्षरात, लॅपटॉपशी नाक लावल्याशिवाय दिसणार नाही असं. जुना कच्चा मजकूर राहून गेलाय, दुसरं काय. माझा नियम आहे: काही टाकायचं तर आधी उतरवून घ्यायचं, मग टाकायचं. (ताई म्हणते, हा फाटक्या मोज्यांचीही यादी करेल.) म्हणून सगळा मजकूर क्रमांकासकट या वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून घेतला. गंमत म्हणून चार इथेही:

स्लाइड ७: इथे थांब. पाणी पी.

स्लाइड १२: ही गोष्ट सांगून झाली. पुन्हा सांगू नकोस.

स्लाइड २३: निळी टोपी. पहिला पाय साडेतीन वर्षांची असताना. आता पाचवा. हिला तू ओळखतेस.

स्लाइड ३१: अडलं तर पट्टीला विचार.

मला काय विचार? आणि हे विश्वस्तांना दाखवायचं? मग तो चौकोन उघडला, संस्थेचं नाव, एकोणीस तारीख, क्रमांक. ‘अप्लाय टू ऑल’वर टिचकी. एका क्षणात चौसष्टच्या चौसष्ट ओळी साफ! जे मजकूर वेगळ्या चौकटीत होते ते हाताने खोडले. त्याच नावाने फाइल जतन केली. पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत भराभर पळवून पाहिली, तळाची ओळ तसूभर हलत नाही. बावीस वर्षांत इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

सोमवार, १०

मॅडमना फाइल दाखवली. वाटलं होतं, पाठ थोपटतील. त्यांनी पहिल्या दहाएक स्लाइड्स पाहिल्या आणि हात थांबला. मग पुढे, मागे, पुन्हा पुढे. म्हणाल्या, “खाली काही होतं ना रे?”

“होता कचरा. सगळा काढून टाकला,” मी छाती फुगवून सांगितलं.

“सगळा?”

“एक अक्षर ठेवलं नाही.”

त्या बराच वेळ तळाच्या ओळीकडेच बघत राहिल्या. “स्वच्छ केलंस,” म्हणाल्या, आणि उठून तोंड धुवायला गेल्या. वीस मिनिटं आल्या नाहीत. सहा दिवस मान मोडून काम करा आणि मिळतं काय, तर ‘स्वच्छ केलंस’. मला राग आला, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी. काय चुकलं ते कळत नाही.

बुधवार, १२

मॅडम दोन दिवस आल्या नाहीत. उस्तादांनी विचारलं, “काय हो फूटपट्टी, मॅडमना काय केलंत?” मी म्हटलं, “मी काय करणार? फूटर केले.” ते हसले, मला हसू आलं नाही. बंद झालं तर उस्तादांना कुणीही उचलून नेईल, त्यांच्या हातात कसब आहे. एकावन्न वर्षांच्या कारकुनाला कोण विचारतो? जेवण जात नाही.

गुरुवार, १३

आज रंगीत तालीम झाली. आम्ही सगळे स्टुलांवर, समोर मॅडम.

सातपर्यंत ठीक. बारावीवर त्यांनी त्या सुताराची गोष्ट सांगितली, जो पाय बसवल्यावर पहिल्यांदा शिडी चढला. छान सांगितली. तेराव्या स्लाइडवर गेल्या आणि तीच गोष्ट पुन्हा, पहिल्या शब्दापासून सांगितली. तेविसावीवर निळ्या टोपीतल्या मुलीचा फोटो आला. ही मुलगी आमच्या अंगाखांद्यावर वाढली, दर वर्षी नव्या पायाचं माप द्यायला येते, मॅडमच्या खुर्चीत बसून गरगर फिरते. मॅडम फोटोकडे बघत म्हणाल्या, “ही... ही नवीन आहे का?”

दोघंतिघं हसले. मीही हसलो, वाटलं थट्टा आहे. उस्ताद हसले नाहीत. ते उठून म्हणाले, “मॅडम, आज पुरे. प्लास्टर वाळायला लागलंय.” प्लास्टर बिस्टर काही नव्हतं, मी नोंद पाहिली.

नंतर वाटलं, माझ्या फूटरच्या क्रमांकाचा आकार फार लहान झाला असेल, म्हणून त्यांना कुठली स्लाइड ते कळत नसेल. दहावरून बारा केला. तरी धाकधूक जात नाही.

शनिवार, १५

आज जे झालं ते आहे तसं लिहितो.

सकाळी ताईचा मूड चांगला होता. मी तिला हसवायला म्हणून वहीतली यादी वाचून दाखवली. ‘पाणी पी’ वाचलं, हसलो. ‘चष्मेवाला तो खजिनदार, जाड आवाजाची ती डॉक्टरीणबाई’ वाचलं, हसलो. ताईने हातातला सुई-दोरा खाली ठेवला.

“पुन्हा वाच. ती निळ्या टोपीची.”

वाचली.

“ही कुणी लिहिलीय?”

“कुणास ठाऊक. कच्चा मजकूर असेल.”

“अरे, ‘हिला तू ओळखतेस’ असं दुसऱ्याला कोण लिहितं? हे तिने स्वतःला लिहिलंय. कधीपासून होतंय तिला असं?”

“कसं?”

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी वहीची मागची पानं उलटायला लागलो. रिकामा पेन ड्राइव्ह. बैठक कधी, तीनदा. सुताराची गोष्ट, दोनदा. ही नवीन आहे का. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसकट. मी हे सगळं पाहिलं होतं, वर वैतागून लिहूनही ठेवलं होतं, आणि माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

“तिने खाली हात धरायला कठडा बांधला होता,” ताई म्हणाली, “आणि तू तो उपटलास.”

“मला काय माहीत, ताई!”

“माहीत नव्हतं, हे खरं. आता झालंय ना?”

मी मोरीत जाऊन रडलो. एकावन्न वर्षांचा माणूस, नळ सोडून.

सोमवार, १७

मॅडम आल्या होत्या. दार लोटून घेतलं आणि वहीची शेवटची पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिली ओळ वाचली, मग चष्मा काढून पुसत राहिल्या.

“तू उतरवून घेतलं होतंस?”

“टाकण्याआधी उतरवतो मी. सवय आहे.”

“देव तुझी सवय राखो,” म्हणाल्या आणि हसल्या. हसतानाच डोळे भरले. दीड वर्ष झालं म्हणे. विश्वस्तांपैकी एकट्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे, त्यांनीच तपासलं. पुढच्या महिन्यापासून उस्तादांकडे सगळं सोपवायचं, हेही ठरलंय, फक्त कार्यशाळा राहिली तर.

मी विचारलं, “मग उस्तादांनाच बोलू द्या ना.”

“उस्ताद चार माणसांसमोर बोलायला उभे राहिले की घशातून आवाज फुटत नाही त्यांच्या. आणि पट्टी, सव्वीस वर्षांपूर्वी मी एका पडवीत हे सुरू केलं. निरोप मला स्वतःला घ्यायचाय.”

“पण हे लपवणं नाही का होणार, मॅडम?”

“सांगणार आहे मी त्यांना, शेवटी. आधी सांगितलं तर ते माझ्याकडेच बघत बसतील, पायांकडे कोण बघेल? मला फक्त हे चौसष्ट पार करू दे.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांच्या ओळी कुठे डावीकडे, कुठे वर असायच्या. शोधता शोधता तोल जायचा. शिवाय एखाद्या स्लाइडखाली काहीच नसलं की भीती वाटायची, इथलं काही पुसलं गेलंय की काय.

आता हे माझं क्षेत्र. सेक्रेटरीसाहेबांना नाव, तारीख, क्रमांक हवा. त्या फूटरच्या चौकोनात तारखेसाठी ‘फिक्स्ड’ असा पर्याय असतो, त्यात तारखेच्या पुढे काहीही लिहिता येतं, सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. म्हणून नाव डावीकडे, क्रमांक उजवीकडे, आणि मधोमध तारीख व तिच्या शेजारी मॅडमची ओळ. राखाडी, बारीक. लॅपटॉपवर त्यांना दिसेल, पडद्यावर कुणाला वाचता येणार नाही. प्रत्येक स्लाइडवर त्याच जागी, तसूभरही इकडेतिकडे नाही. इथे ‘अप्लाय टू ऑल’ चालत नाही, एकेक करून ‘अप्लाय’ करावं लागतं. चौसष्ट वेळा केलं.

एकतीस ओळी त्यांच्या. उरलेल्या तेहतीस मी भरल्या. ‘सगळं ठीक. पुढे चला.’ ‘भरपूर वेळ आहे.’ ‘आता खिडकीकडे बघा.’ एकेचाळिसावीवर काही सुचेना, तेव्हा जे मनात होतं तेच लिहिलं.

मंगळवार, १८

सेक्रेटरीसाहेबांचा फोन. “फूटर एकसारखे आहेत ना?” “आहेत, साहेब.” “मी फाइल उघडून बघणार आहे.” माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी त्यांचा निरोप आला, ‘ठीक’. त्यांनी तळाची जागा मोजली असणार, मजकूर वाचला नसणार. मीही आठवडाभर तेच केलं होतं.

ताईने माझा सदरा स्वतः इस्त्री केला. म्हणाली, “तिथे उगाच मध्ये बोलू नकोस.”

बुधवार, १९

सभागृहात ठरल्याप्रमाणे तिसऱ्या रांगेत, खिडकीकडे बसलो. मॅडम आधीच येऊन माझी खुर्ची बघून गेल्या होत्या.

पहिल्या चाळीस स्लाइड्स... काय सांगू! सातवर थांबल्या, पाणी प्यायल्या. सुताराची गोष्ट एकदाच. तेविसावीवर खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “ही आमची निळी टोपी. आता पाचवा पाय घालून पळते.” त्यांची नजर प्रत्येक वेळी तळाशी त्याच जागी जायची आणि वर यायची, वाचता येणारा माणूस ओळ बदलतो तशी, सहज. मी प्रत्येक ओळ त्यांच्याबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. शर्टाची पाठ भिजली.

एकेचाळिसावीवर सेक्रेटरीसाहेबांनी हात वर केला. “मध्येच विचारतो. पाय बाहेरून बनवून घेतले तर नेमकं बिघडतं काय?”

हा प्रश्न शेवटी यायचा होता. मॅडम थांबल्या. तोंड उघडलं, मिटलं. समोर बघितलं, तिथे काही सापडलं नाही. मग त्यांची नजर खाली गेली, आणि त्यांनी तिथे जे होतं ते मोठ्याने वाचलं.

“घाबरू नका मॅडम. पट्टी मागेच आहे. तिसरी रांग, खिडकीकडे.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला ताईचं बजावणं आठवत होतं, पण पाय उभे राहिले. “आहे, मॅडम,” मी म्हणालो. आवाज चिरका आला.

त्यांनी मला पाहिलं. मग लॅपटॉप हळूच मिटला. माझ्या चौसष्ट ओळी, मिटल्या!

“तुम्ही ऐकलंत ते माझं फूटर,” त्या म्हणाल्या. “मला विसरायला होतं. आजार आहे, वाढणार आहे. म्हणून खाली लिहून ठेवते. पुढच्या महिन्यापासून हे काम उस्ताद बघतील, मी नाही. हे शेवटी सांगणार होते, आता सांगितलं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठे लिहून ठेवावं लागलेलं नाही. मुलं वाढतात. पाय वाढत नाहीत. बाहेरून एक पाय येईल, नीट येईल. पण सहा महिन्यांनी तो टोचायला लागेल तेव्हा त्या पोरीने कुणाच्या खुर्चीत येऊन बसायचं? आमच्याकडे ती येते, उस्ताद खाली जमिनीवर बसतात आणि विचारतात, ‘कुठे दुखतं गं?’ एवढंच आम्ही करतो. सव्वीस वर्षं एवढंच केलं.”

आणि बसल्या. तेवीस स्लाइड्स राहिल्या होत्या. कुणी मागितल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सेक्रेटरीसाहेब कागद उगाच सरळ करत होते. आम्हाला बाहेर बसवलं. उस्तादांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही, कारागिराची पकड असलेला हात, बोटं अजून दुखताहेत. पाऊण तासाने दार उघडलं. कार्यशाळा चालू राहणार.

गुरुवार, २०

सकाळी मॅडम टेबलाशी आल्या. चेहऱ्यावर काळजी. “पट्टी, बैठक कधी आहे रे?”

“झाली, मॅडम. काल. कार्यशाळा राहिली.”

“खरंच?” त्यांनी टेबलाची कड धरली. असा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. खुर्ची ओढून बसल्या, सगळं विचारून घेतलं. कोण काय बोललं, उस्तादांचा चेहरा कसा झाला.

अकराच्या चहाच्या वेळी पुन्हा आल्या. “बैठक कधी आहे रे?”

मी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे केली आणि पहिल्यापासून सांगितलं.

आज चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्यांना तितकाच आनंद झाला.